एकशेवीसच्या वेगाला बॅटरी जाते कुठे?

प्रश्न : ताई, नमस्कार. आठ महिन्यांपूर्वी इलेक्ट्रिक गाडी घेतली. बॅटरी ६० युनिटची, माहितीपत्रकात रेंज ४६० किलोमीटर. रोजच्या शहरातल्या फिरण्यात ती ४०० च्या वर सहज जाते, म्हणून मी निर्धास्त होतो. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच लांबच्या प्रवासाला निघालो. रस्ता मोकळा, वेगमर्यादा १२०, म्हणून क्रूझ कंट्रोल १२० ला लावला. २५० किलोमीटर झाले तेव्हा बॅटरी ९ टक्क्यांवर आली होती. बायको-मुलं गाडीत, पुढचा चार्जर २० किलोमीटरवर. ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरी तपासली, ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले, पण कारण कुणी सांगितलं नाही. आधीची पेट्रोल गाडी तर हायवेला उलट जास्त ॲव्हरेज द्यायची. बॅटरी खराब आहे की कंपनीनं फसवलं?
— एक वाचक

उत्तर : तुमची बॅटरी उत्तम आहे. पत्रातल्या आकड्यांवरून मी हिशोब केला, तो जवळजवळ किलोमीटरला किलोमीटर जुळला. पण ‘सगळं ठीक आहे’ एवढं सांगून तुम्हाला परत पाठवलं हे मला अजिबात आवडलं नाही. घरच्यांना घेऊन ९ टक्क्यांवर गाडी चालवलेल्या माणसाला कारण कळायलाच हवं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नोकरीची बरीच वर्षं गाड्यांच्या चाचणी विभागात काढली. तिथे ‘कोस्ट-डाउन’ नावाची एक चाचणी असते. सपाट, सरळ ट्रॅकवर गाडी वेगात आणायची, न्यूट्रल करायची आणि नुसती सोडून द्यायची. ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही. वेग कसा उतरत जातो ते मोजायचं. वाऱ्याचा परिणाम निघून जावा म्हणून दोन्ही दिशांनी करायची. पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसून ही चाचणी पाहिली, ती अजून डोळ्यांसमोर आहे. तुमच्या गाडीएवढ्या, म्हणजे साधारण १८०० किलोच्या गाडीला १२० वरून ११० वर यायला ८ सेकंद लागतात. जणू कुणी मागून दोर बांधून खेचतंय. आणि तीच गाडी ३० वरून २० वर यायला २५ सेकंद घेते. शेवटी तर ती थांबायचं नावच घेत नाही. बाहेर तीच हवा, खाली तेच टायर. बदललेला असतो तो फक्त वेग.

मागून ओढणारा तो दोर म्हणजे हवा. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. वेग दुप्पट केला की रोध चौपट होतो. टायरचं घर्षण मात्र वेगाबरोबर फारसं बदलत नाही.

आता तुमच्या गाडीचे आकडे मांडू. ६० युनिटच्या, म्हणजे ६० किलोवॅट-तासांच्या बॅटरीतली थोडी वीज कंपन्या बॅटरीच्या आयुष्यासाठी राखून ठेवतात. वापरायला ५८ मिळते असं धरू. सपाट रस्ता, वारा नाही, ऊन-थंडी मध्यम. ६० च्या स्थिर वेगानं १०० किलोमीटर जायला या गाडीला साधारण १० युनिट लागतील. त्यातले हवेसाठी तीन-सव्वातीन, टायरसाठी पाच, उरलेले मोटरमधली तूट आणि दिवे-पंखे-पडदा यांना. म्हणजे या वेगाला टायर हवेपेक्षा जास्त खातात. आता १२० ला या. टायर तिथेच, पाचावर. हवेचा हिस्सा मात्र सव्वातीनावरून १३ वर जातो. एकूण २१ युनिट. ५८ भागिले २१, म्हणजे पूर्ण बॅटरीत २७५ किलोमीटर. तुम्ही ९१ टक्के वापरून २५० गेलात. बघा जुळतं का.

मधले वेगही सांगते, कारण तुमच्या कामाचे तेच आहेत. ८० ला १०० किलोमीटरला १३ युनिट, म्हणजे ४४५ किलोमीटर. १०० ला साडेसोळा, म्हणजे ३५०. एकाच गाडीला एकाच दिवशी ४४५, ३५० आणि २७५ अशा तीन रेंज आहेत आणि तिन्ही खऱ्या आहेत. म्हणून ‘तुमच्या गाडीची रेंज किती?’ असं कुणी विचारलं की मी आधी ‘कुठल्या वेगाला?’ असं विचारते.

मग ४६० आले कुठून? चाचणीतून. ती चाचणी गाडी रोलरवर ठेवून, ठरावीक वेगाच्या आलेखाप्रमाणे चालवून होते. युरोपची डब्ल्यूएलटीपी चाचणी अर्ध्या तासाची आणि सव्वातेवीस किलोमीटरची. त्यात काही क्षण वेग १३१ पर्यंत जातो, पण सरासरी ४६ च्या आसपासच. भारतीय एमआयडीसी चाचणीत वेग ९० च्या वर जातच नाही. चीनची सीएलटीसी तर बरीचशी शहरी रहदारीसारखी आहे. अमेरिकेची ईपीए ही पर्यावरण यंत्रणा प्रयोगशाळेत आलेल्या आकड्यातून साधारण ३० टक्के वजा करून मग तो गाडीवर लावू देते, म्हणून तिथला आकडा अनुभवाच्या जास्त जवळ वाटतो. या चाचण्या खोट्या नाहीत. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना व्हावी म्हणून त्या आखल्या आहेत आणि त्या कामाला चोख आहेत. अडीच तास सलग १२० नं जाणारा माणूस त्यांच्या आलेखात कुठेच नाही, एवढंच. हे विक्रेत्यानं गाडी देताना सांगायला हवं होतं. माझं स्पष्ट मत आहे की स्थिर १०० आणि स्थिर १२० ला किती रेंज मिळते, हे दोन आकडे माहितीपत्रकात छापण्याची सक्तीच असावी.

पेट्रोल गाडीचं तुम्ही लिहिलंत ते खरं आहे, आणि मला ते फार बोलकं वाटतं. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते. तुमची अख्खी बॅटरी म्हणजे साडेसहा लिटर पेट्रोल! पेट्रोलचं इंजिन त्या ऊर्जेतला बहुतांश भाग उष्णता म्हणून उडवून टाकतं. गर्दीत, सिग्नलला, हळू चालताना तर ही उधळपट्टी सगळ्यात जास्त. हायवेला इंजिनावर नीट भार येतो, ते जरा कार्यक्षम होतं, आणि हवेचा वाढलेला खर्च त्या सुधारणेत झाकला जातो. शिवाय शहरात दर ब्रेकला पेट्रोल गाडीची गती नुसती तापून वाया जाते. तुमच्या गाडीत यातलं काहीच नाही. मोटर जवळजवळ सगळ्याच वेगांना सुमारे नव्वद टक्के कार्यक्षम, ब्रेक लावला की वीज परत बॅटरीत. त्यामुळे शहरात ती अप्रतिम चालते, आणि हायवेला झाकायला काहीच उरत नसल्यामुळे हवेचा खर्च उघडा दिसतो. तो खर्च तुमची जुनी गाडीही करत होती.

हवेला फसवायचा मार्ग एकच, आकार. २९ एप्रिल १८९९ रोजी कामिय जेनात्झी या बेल्जियन गृहस्थानं फ्रान्समध्ये आशेर इथे ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला, तो इलेक्ट्रिक गाडीतून. गाडीचं अंग टॉर्पेडोसारखं निमुळतं केलेलं, पण जेनात्झी स्वतः कमरेपासून वर उघड्या वाऱ्यात बसलेला. छायाचित्रात ते पाहिलं की मला हळहळ वाटते, इतकं डोकं लढवून शेवटी हवा माणसाच्या छातीवरच घेतली. आता त्याच्यापुढे मर्सिडीजची २०२२ ची प्रायोगिक ‘व्हिजन ईक्यूएक्सएक्स’ ठेवा. जर्मनीतून निघून एका चार्जवर १००० किलोमीटरच्या वर गेली, बॅटरी १०० युनिटांहून कमी, आणि १०० किलोमीटरला खर्च ८.७ युनिट. तिचा हवारोधाचा गुणांक (जितका कमी, तितकी गाडी हवेतून सहज जाते) होता ०.१७. तुमच्या उंच गाडीचा मी ०.२९ धरला आहे, शिवाय हवेला सामोरं जाणारं तोंडही मोठं. टपावर कॅरिअर किंवा सामानाची पेटी लावत असाल तर प्रवास संपला की काढून ठेवा. रिकामा कॅरिअरही हवा ओढतो.

आणि वारा. माझ्या वहीतली एक नोंद सांगते. मोकळा सपाट रस्ता, जाता-येता वेग १००, गाडीत तीच दोन माणसं. जाताना १०० किलोमीटरला पावणेचौदा युनिट लागले, मी खुशीत. परत येताना २०. आधी वाटलं टायरमधली हवा गेली. उतरून तपासली, ठीक होती. मग रस्त्याकडेच्या गवताकडे लक्ष गेलं. सगळं आमच्याकडे तोंड करून वाकलेलं. वारा ताशी १५ किलोमीटरचा असेल, अंगाला सुखद वाटावा इतकाच. पण १०० नं जाणाऱ्या गाडीला समोरचा वारा मिळून हवा ११५ ची लागते, आणि पाठचा असेल तर ८५ ची. त्या दिवशी ठरवलेला चार्जर सोडून मी त्याच्या अलीकडच्या चार्जरवर थांबले. तेव्हापासून निघायच्या आधी पावसाइतकाच वाऱ्याचा अंदाजही बघते.

तुमच्या त्या वीस मिनिटांबद्दल. ९ टक्के म्हणजे सव्वापाच युनिट. १२० च्या वेगाला ते २५ किलोमीटर पुरले असते, म्हणजे चार्जर गाठला असता, पण अगदी काठावर. डाव्या लेनमध्ये येऊन ८० केला असतात तर तेच ४० किलोमीटर पुरले असते. शिल्लक कमी वाटली की पहिलं काम हेच, वेग उतरवायचा, आणि तो लवकर उतरवायचा. ३० टक्क्यांवर असताना केलेली ही गोष्ट ९ टक्क्यांवर करण्यापेक्षा कितीतरी पट कामाला येते.

प्रश्न : ताई, ८० नं रांगत जायचं असेल तर इलेक्ट्रिक गाडी घेऊन उपयोग काय? १२० नं जाऊन मध्ये चार्ज केलेलं बरं नाही का?
— एक तरुण वाचक

उत्तर : कधी कधी बरं, हो. हे चार्जरवर ठरतं.

वरचीच गाडी घ्या, ४०० किलोमीटर जायचंय, निघताना बॅटरी पूर्ण भरलेली आणि १० टक्के शिल्लक ठेवून पोहोचायचंय. म्हणजे वापरायला ५२ युनिट. ८० नं गेलात तर न थांबता ५ तास. १०० नं गेलात तर ४ तास, पण १४ युनिट वाटेत भरावे लागतील. १२० नं ३ तास २० मिनिटं, आणि भरायचे ३२ युनिट. चार्जर सरासरी ४० किलोवॅट देत असेल आणि गाडी लावण्या-काढण्यात १० मिनिटं जात असतील, तर १०० वाला साडेचार तासांत पोहोचतो, १२० वाला ४ तास १८ मिनिटांत. तेरा मिनिटं वाचली. चार्जर २४ किलोवॅटचा निघाला तर १०० वाल्याला पाऊण तास थांबावं लागतं आणि १२० वाल्याला दीड तास. मग १२० वालाच पाच मिनिटं उशिरा पोहोचतो, १८ युनिट जास्त जाळून. त्यात चार्जरपुढे आधीच एखादी गाडी उभी असली की काही विचारूच नका.

जलद चार्जिंग साधारण ८० टक्क्यांनंतर मंदावतं, बॅटरीला जपण्यासाठी. म्हणून वाटेत ८० पर्यंत भरून निघा, वरचे २० टक्के भरण्यात जाणारा वेळ सहसा परवडत नाही. त्याचा अर्थ असाही होतो की पहिल्या टप्प्यानंतर तुमच्या हातात बॅटरीचे ७० टक्केच असतात, ८० पासून १० पर्यंत. १२० च्या वेगाला ते १९० किलोमीटर, १०० ला २४५. थांबे आखताना हे आकडे धरा.

याच पत्रात तुम्ही खाली लिहिलंय की ट्रकच्या मागे चिकटून चालवलं की खर्च कमी होतो आणि तुम्ही ते करून पाहिलंत. खर्च कमी होतो हे खरं आहे. ८० च्या वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. ट्रकच्या आडोशाचा नीट फायदा मिळावा इतकं जवळ गेलात तर ट्रकचा ब्रेक लागल्याचं कळून तुमचा पाय हलेपर्यंत तुम्ही त्याच्या खाली असाल. मी चाचणी ट्रॅकवर, हेल्मेट घालूनही हे करणार नाही. कृपा करून पुन्हा करू नका.

प्रश्न : आईला घेऊन लांब जायचं असतं. तिचं वय ७८. रेंज वाढावी म्हणून मी हायवेला एसी बंद ठेवते, पण तिला त्रास होतो. एसी बंद केल्यानं नक्की किती फरक पडतो?
— एक वाचक

उत्तर : एसी चालू ठेवा. आजच्या आज ही सवय सोडा.

गाडी एकदा गार झाली की एसीला तासाला साधारण एक युनिट लागतं. १२० नं जाताना तासाभरात तुम्ही १२० किलोमीटर गेलेल्या असता, म्हणजे १०० किलोमीटरला पाऊण ते एक युनिट, एकवीसातलं. पूर्ण बॅटरीवर दहा-अकरा किलोमीटरांचा फरक. काचा उघड्या ठेवल्या तर हवेचा रोध वाढतो तो वेगळाच. वेग १२० वरून ११० केलात तर एसीला लागणारी वीज सहज निघते आणि वर बरीच उरते. एसी जड जातो तो कोंडीत. ताशी १५ नं सरकताना तेच एक युनिट जेमतेम १५ किलोमीटरांत संपतं. पण तिथे एकूण अंतरच थोडं असतं. निघण्याआधी गाडी चार्जरला जोडलेली असतानाच एसी लावून आतली हवा गार करून घ्या, म्हणजे तापलेली गाडी गार करायचा मोठा खर्च बॅटरीवर पडत नाही.

कडक थंडीत मात्र गणित बदलतं. पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता फुकट मिळते, इथे ती वीज जाळून करावी लागते, आणि गारठलेली बॅटरी स्वतःही कमी देते. थंड हवा दाटही असते, म्हणून रोधही थोडा वाढतो. गाडीत हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून आत आणणारं यंत्र असेल तर बराच दिलासा. सीट गरम करायची सोय असेल तर आईसाठी ती आधी वापरा, तिला वीज नगण्य लागते.

प्रश्न : पडद्यावर ‘शिल्लक ३१०’ दाखवत होतं, तासाभरात ते १६० झालं, आणि मी गेलो होतो फक्त ९० किलोमीटर. सेन्सर बिघडलाय का?
— एक वाचक

उत्तर : नाही. तो आकडा मागच्या चालवण्यावरून पुढचा अंदाज बांधतो. आठवडाभर शहरात फिरलात, त्यानं तोच हिशोब धरला. हायवेला लागल्यावर त्याला नवा खर्च कळू लागला आणि तो खाली आला. हायवेला त्याच्याकडे बघूच नका. टक्के बघा आणि एका टक्क्यात किती किलोमीटर होतात ते स्वतः मोजा. वरच्या ५८ युनिटच्या गाडीला एक टक्का १२० च्या वेगाला पावणेतीन किलोमीटर जातो, १०० ला साडेतीन, ८० ला जवळजवळ साडेचार. तुमच्या गाडीचे हे तीन आकडे काढा आणि कागदावर लिहून समोर चिकटवा. माझ्या गाडीत असा कागद आहे, शाई फिकी पडल्यावर तो मी एकदा नव्यानं लिहिला आहे.

प्रश्न : घाट चढून मुक्कामाला गेलो, हजार मीटर चढ, बॅटरी भरभर उतरली. रात्री चार्जरला लावून १०० टक्के केली. सकाळी उतरायला लागलो तर पाय काढल्यावर गाडी नेहमीसारखी आपोआप मंदावेना, सारखा ब्रेक दाबावा लागला. भीती वाटली. उतरताना वीज परत मिळते ना?
— एक वाचक

उत्तर : मिळते, पण तिला जायला जागा हवी. माणसांसकट दोन टनांची गाडी हजार मीटर वर न्यायला नेहमीच्या खर्चाखेरीज सुमारे ६ युनिट लागतात. उतरताना त्यातले साडेतीन-चार परत येतात. तुमची बॅटरी काठोकाठ भरलेली होती, त्यामुळे परतीची वीज घ्यायला तिच्यात जागाच नव्हती. मोटरनं वीज बनवत वेग धरून ठेवणं बंद झालं आणि सगळा भार साध्या ब्रेकवर आला. गाडीत दोष नाही, पण लांब उतारावर ब्रेक तापतात, तेव्हा तुमची भीती रास्त होती. पुढच्या वेळी माथ्यावर ८५ टक्क्यांना चार्जिंग थांबवा. उतरून पायथ्याशी याल तेव्हा ९० च्या आसपास दिसतील.